ड्यू डेटपासून वय मोजा. डावा हात मात्र याच आठवड्यात दाखवा

प्रश्न: माझा मुलगा ६ मार्चला झाला. माझी ड्यू डेट ८ मे होती. बीपी एकदम वाढल्यामुळे ३१ आठवडे पूर्ण झाले त्याच दिवशी सिझेरियन करावं लागलं. वजन १४०० ग्रॅम. महिनाभर तो काचेच्या पेटीत होता, थोडे दिवस ऑक्सिजनवर. डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल आली. डोळ्यांची तपासणी दोनदा झाली, तिसरी तारीख पावसात राहून गेली. आता तो नऊ महिन्यांचा झाला. गेल्या आठवड्यात दवाखान्यात सिस्टरनी नऊ महिन्यांच्या मुलांचा फॉर्म भरून घेतला आणि 'विकास मागे आहे' असा शेरा मारला. तो हात टेकवून बसतो, सोडला की कलंडतो. रांगत नाही, धरून उभा राहत नाही. हसतो मात्र खूप, 'आ-गू' चालू असतं, नुकतंच 'बा-बा' सुरू झालंय. माझ्या नणंदेची मुलगी त्याच्याच महिन्यातली, ती घरभर रांगते. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, कमी दिवसांचं मूल आहे, दोन वर्षं काही बघायचंच नाही, सगळं आपोआप भरून निघतं. कोणाचं खरं धरू? गोवराची लसही दोन महिने पुढे ढकलायची का? सासूबाईंनी वॉकर आणलाय, तो वापरू का? बाळ तसा हुशार आहे. उजव्या हातात खुळखुळा असा घट्ट धरतो की सोडवत नाही. डाव्या हातानं काही घेत नाही, मूठ मिटलेलीच ठेवतो. बाबांसारखा पक्का उजवा होणार असं आम्ही म्हणतो. मी पतपेढीत शेवटपर्यंत कामाला जात होते, त्यामुळेच हे झालं असं घरात बोललं जातं.
(एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर:

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सिस्टरचा शेरा बरोबर नाही आणि त्या डॉक्टरांचा सल्लाही बरोबर नाही. का ते सविस्तर सांगते. पण त्याआधी पत्राच्या शेवटाकडे तुम्ही कौतुकानं लिहिलेली एक गोष्ट आहे, ती मला आधी बोलायची आहे, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, ही नाही.

डाव्या हाताची मूठ. एक वर्षाच्या आतलं मूल डावरं किंवा उजवं नसतं. या वयात दोन्ही हात सारखेच पुढे यायला हवेत. समोर जे दिसेल ते जवळच्या हातानं ओढायचं आणि तोंडात घालायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. कोणत्या हाताचं वळण आहे हे दुसऱ्या वर्षापासून हळूहळू दिसायला लागतं आणि पक्कं व्हायला त्यापुढेही वेळ लागतो. म्हणून इतक्या लहान वयात एकच हात चालतो आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली राहते, तेव्हा प्रश्न चालणाऱ्या हाताच्या हुशारीचा राहत नाही. न चालणाऱ्या हाताकडे बघावं लागतं. आणि इथे, लवकर जन्मला म्हणून वयातून कितीही आठवडे वजा केले तरी हिशोब जुळत नाही. बाळ सात महिन्यांचं धरा, पाच महिन्यांचं धरा, दोन्ही हात सारखे हलायलाच हवेत.

याचा अर्थ काहीतरी मोठं झालंच आहे असा नाही. जन्माच्या वेळी खांद्याजवळची नस ताणली गेली असेल तरी एक हात कमी चालतो. मेंदूच्या एका बाजूला छोटी इजा असली तरी असं दिसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ती शक्यता पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असते. सोनोग्राफी नॉर्मल आली होती याचं समाधान आहेच, पण टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत प्रत्येक बारीक इजा दिसत नाही. तेव्हा त्या कागदावर विसंबून थांबू नका.

घरी आधी एवढं करून बघा. बाळ झोप काढून, दूध पिऊन खुशीत असताना त्याला सतरंजीवर उताणं ठेवा. खुळखुळा बरोबर छातीच्या मध्यावर धरा, मग थोडा डावीकडे धरा. पातळ रुमाल चेहऱ्यावर हलकेच टाका आणि तो ओढायला कोणता हात येतो ते पाहा; हे दोन-तीनदा करा. लंगोट बदलताना दोन्ही पाय सारखे झाडतो का, डावी मांडी उघडायला जास्त ताठ लागते का, तेही बघा. हे सगळं मोबाईलवर दोन-तीन मिनिटं चित्रित करून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर बाळं हमखास रडतात नाहीतर झोपतात, तेव्हा घरचा हा व्हिडिओ डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो.

मग याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. तिथे सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे केंद्र आहे. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार त्यात मोफत होतात, आणि वाढीत मागे पडणं हा त्यातला एक मुख्य भाग आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान-वाचेचे तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी माणसं एका छताखाली असावीत, अशी त्या केंद्राची रचना आहे. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगितलंत तर त्या चिठ्ठी मिळवून देतील. चिठ्ठी नसली तरी बाळाची फाइल घेऊन सरळ जा.

तिथे डॉक्टर बाळाच्या स्नायूंचा ताठरपणा, बसण्याची ढब, हाता-पायांच्या हालचाली हे सगळं ठरलेल्या क्रमानं तपासतील. हॅमरस्मिथ नावाची एक तपासणी आहे. ती पंधरा-वीस मिनिटांत होते, तिला ना सुई लागते ना यंत्र, आणि तिच्यात डाव्या-उजव्या बाजूच्या फरकाची वेगळी नोंद होते. ती होते का, असं मोकळेपणानं विचारा. गरज वाटली तर ते एमआरआय सुचवतील. पण आजाराचं नाव ठरेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. मेंदू पहिल्या दोन वर्षांत जितका वळवता येतो तितका पुढे येत नाही, म्हणून नुसता धोका दिसला तरी व्यायाम सुरू करतात. कमी चालणाऱ्या हाताला काम देण्यासाठी चांगला हात रोज थोडा वेळ मऊ मोज्यात झाकून खेळ घेण्याची एक पद्धत आहे. ती फिजिओथेरपिस्टनी दाखवल्याशिवाय घरी करू नका. किती वेळ आणि कशी, हे बाळ बघूनच ठरतं.

आता वयाचं.

सिस्टरनी फॉर्म नऊ महिन्यांचा भरला हीच चूक. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन प्रकारे मोजतात. एक जन्मतारखेपासून, आणि दुसरं, ते जेव्हा जन्मायला हवं होतं त्या तारखेपासून. दुसऱ्याला दुरुस्त वय म्हणतात. दवाखान्यात 'करेक्टेड एज' ऐकाल. तो काय करतो आणि काय करत नाही हे तपासताना दुसरंच वय धरायचं. त्यासाठी आठवड्यांची वजाबाकी करत बसायची गरज नाही. आई म्हणून तुम्हाला तोंडपाठ असलेली तारीख पुरेशी आहे. तुमची ड्यू डेट ८ मे. पत्रावर तारीख १० डिसेंबर. म्हणजे पत्र लिहिलंत त्या दिवशी तुमचा मुलगा सात महिने दोन दिवसांचा होता. नऊ महिन्यांचा नव्हे.

आठवड्यांनी हिशोब करायचाच झाला तर तो ४० आठवड्यांवरून करायचा. हे मुद्दाम सांगते, कारण ३७ आठवड्यांनंतरचं बाळ 'पूर्ण दिवसांचं' धरतात, म्हणून काही जण ३७ मधून वजा करतात. तुमच्या बाबतीत ३७ मधून ३१ गेले तर सहा आठवडेच उरतात आणि बाळाच्या पदरात तीन आठवडे कमी पडतात. ४० मधून ३१ गेले म्हणजे नऊ आठवडे, हे बरोबर. आणि ड्यू डेट कोणती धरायची यावर घोळ असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत जी ठरली ती धरावी. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीच्या कागदावर छापलेली तारीख बाळाच्या आकारावरून काढलेली असते, आणि बीपी वाढलेल्या आईचं बाळ बऱ्याचदा आकारानं लहान असतं, म्हणून ती तारीख फसवते.

वय असं का मोजायचं, हे घरातल्यांना समजावायला तुम्हाला उपयोगी पडेल. पोटातल्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्यानं वाढतो. ३४ आठवड्यांना त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. तुमचं बाळ त्याहूनही तीन आठवडे आधी आलं. मान धरणं, बसणं, चालणं यांसाठी मेंदूपासून स्नायूंपर्यंतच्या नसांवर एक आवरण चढावं लागतं आणि ते आपल्या वेळेनं चढतं. बाळ लवकर बाहेर आलं म्हणून ते काम लवकर उरकत नाही. जन्मानंतरचे ते पहिले नऊ आठवडे खरं तर पोटातच जायचे होते. त्या दिवसांचा हिशोब बाळाच्या नावावर मांडून, नऊ महिन्यांत हे का येत नाही असं विचारणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हे माझं एकटीचं मत नाही. पालकांकडून भरून घ्यायच्या ज्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात, त्यांतल्या एएसक्यू या प्रश्नावलीत तीन किंवा जास्त आठवडे आधी जन्मलेल्या बाळासाठी दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करूनच फॉर्म निवडायचा, असा नियम घालून दिलेला आहे. आपल्याकडे भारतीय मुलांसाठीचे तक्तेही आहेत. बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीची मापं बसवली, त्यातून डीएएसआयआय ही सविस्तर चाचणी उभी राहिली; त्या बडोद्याच्या मापांवरूनच पुढे तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्रानं सतरा बाबींचा एक छोटा तक्ता बनवला. त्या तक्त्यावर बाळाच्या वयाशी पेन्सिल उभी ठेवतात आणि डावीकडे राहिलेल्या गोष्टी बाळाला येतात का बघतात. कुठलाही तक्ता असो, अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी पेन्सिल दुरुस्त वयावर ठेवायची. सिस्टरना हे सांगायला संकोचू नका. फॉर्म सात महिन्यांचा पुन्हा भरून मागा. त्या वाईट नाहीत, गर्दीत जन्मतारीख बघून फॉर्म उचलला जातो.

आता सात महिन्यांच्या चष्म्यातून तुमच्या मुलाकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, त्यात भारतही होता. त्याची मापं २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही येतं. धरून उभं राहणं ४.८ ते ११.४ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, आणि काही निरोगी मुलं कधी रांगतच नाहीत. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६. तुमचा मुलगा सात महिन्यांचा आहे, हात टेकवून बसतो, 'बा-बा' म्हणतो, माणसं ओळखून हसतो. बसण्या-रांगण्याबद्दल आज त्याच्याविरुद्ध काहीही नाही. नणंदेची मुलगी त्याच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी आहे, जन्माचा महिना एक असला तरीही. दोघांना शेजारी बसवून तुलना करणं आजपासून थांबवा, आणि कोणी केली तर हेच उत्तर द्या.

फक्त सात महिन्यांच्या फॉर्मवरही एक प्रश्न उरेल असं मला वाटतं. या वयापर्यंत मूल वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागतं. तुमच्या वर्णनावरून ते त्याला जमत नसावं. आपण पुन्हा डाव्या हातापाशीच आलो, म्हणून तर तो विषय मी सगळ्यात आधी काढला.

म्हणूनच 'दोन वर्षं काही बघायचं नाही' हा सल्ला मला सिस्टरच्या शेऱ्यापेक्षाही जास्त खटकला. सिस्टरच्या चुकीनं तुम्हाला विनाकारण काळजी लागली. या सल्ल्यानं बाळाचे उपचाराचे महिने वाया जातील. वय दुरुस्त करायचं ते नीट मोजता यावं म्हणून, मोजणं पुढे ढकलता यावं म्हणून नाही. उलट अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे इतरांपेक्षा जास्त वेळा बघावं लागतं: दुरुस्त वयाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मग सहाव्या, नवव्या, बाराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात तरी. तुमची पुढची तारीख जन्मापासून नऊ महिने धरून नव्हे, तर ८ फेब्रुवारीच्या आसपास येते, तेव्हा तो खरा नऊ महिन्यांचा होईल.

आणि काही गोष्टी अशा की त्या दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दुरुस्त वय चार महिने झालं तरी मान लटपटणं. तीन महिने झाले तरी आईच्या चेहऱ्याकडे बघून न हसणं. उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे एकावर एक जाणं. अंग मागे धनुष्यासारखं ताणलं जाणं किंवा उलट कापडासारखं ढिलं असणं. आवाजाकडे न वळणं. दुरुस्त वयाच्या अठरा महिन्यांपर्यंत एकट्यानं चार पावलं न टाकणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, येत असलेली गोष्ट येईनाशी होणं. त्याला तर कुठलंच वय लागू नाही, त्याच दिवशी निघायचं.

वय किती दिवस दुरुस्त करायचं? दोन वर्षांपर्यंत. दोन महिने हा सहा महिन्यांच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा आहे, चोवीस महिन्यांच्या आयुष्याचा बारावा. त्यामुळे पुढे फरक इतका बारीक होतो की मोजमापात तो विरून जातो. २८ आठवड्यांच्याही आधी जन्मलेल्या मुलांसाठी काही डॉक्टर तीन वर्षांपर्यंत दुरुस्ती ठेवतात. मधल्या काळात 'आता अर्धीच वजा करू' असं काही करायचं नसतं. दोन वर्षांपर्यंत पूर्ण नऊ आठवडे, नंतर काही नाही.

पण दोन वर्षांनी वयाची दुरुस्ती थांबते, लक्ष ठेवणं थांबत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम आपल्याकडच्या सगळ्यांनी अभिमान बाळगावा असं आहे. त्यात बहुतेक मुलांची बुद्धी सामान्य मर्यादेत आढळली, पण बरोबरीच्या पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा थोडी मागे, आणि शाळेत विशेषतः गणितात अडचण दिसली. हे घाबरवायला सांगत नाही. पहिली-दुसरीत मुलगा अडखळला तर 'आळशी आहे' असं कोणी म्हणू नये आणि बाईंना त्याच्या जन्माची गोष्ट माहीत असावी, म्हणून सांगते.

लशीचं उत्तर एका ओळीचं: लस जन्मतारखेनुसारच द्यायची, दुरुस्त वयानुसार नाही. गोवर-रुबेलाचा डोस त्याला आत्ताच देय आहे, अजिबात ढकलू नका. अशा बाळांना गोवर किंवा न्यूमोनिया झाला तर तो जास्त जड जातो, म्हणून लस तर वेळेवरच हवी.

डोळ्यांचीही तारीख जन्मापासूनच मोजतात. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत बघायचा, हा आपल्याकडचा नियम. कारण पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात आणि चुकीच्या दिशेनं वाढल्या तर दृष्टी कायमची जाऊ शकते. तुमच्या दोन तपासण्या वेळेत झाल्या हे फार बरं झालं. तिसरी राहिली ती मात्र जाऊ देऊ नका. पडदा पूर्ण तयार झाला असं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती तपासणी संपत नाही. शिवाय अशा मुलांना तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर लवकर येतो, तोही तेव्हाच बघून होईल. कानांची तपासणी झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पेटीत राहिलेल्या बाळाची बेरा ही तपासणी व्हायला हवी. फाइलमध्ये तिचा कागद नसेल तर डीईआयसीत त्याच दिवशी मागा. 'बा-बा' म्हणतो म्हणून ऐकू येतंच असं धरून चालू नका.

वरच्या अन्नाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नऊ महिन्यांच्या तक्त्यानं फॉर्म भरला गेला तसा नऊ महिन्यांचा आहारही सांगितला गेला असेल, म्हणून लिहिते. इथे पुन्हा दुरुस्त वय. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दुरुस्त वयाच्या चौथ्या महिन्यात वरचं अन्न सुरू केलं, काहींना सहाव्या. वर्षाच्या शेवटी वजनात फरक नव्हता, पण चौथ्या महिन्यात सुरू केलेल्यांना दवाखान्यात जास्त वेळा भरती करावं लागलं. तुमचं बाळ आता सात महिन्यांचं आहे, त्यामुळे घोटलेला वरणभात तूप घालून, नाचणीचं सत्त्व, मऊ उकडलेला बटाटा, केळं, अंड्यातलं पिवळं, हे सगळं खुशाल द्या. वर्षापर्यंत वरून मीठ-साखर नको, मध तर मुळीच नको. दूध तुमचंच चालू ठेवा, आणि लोहाचे थेंब दिले असतील तर विचारल्याशिवाय बंद करू नका.

वॉकर नको. सासूबाईंनी मायेनं आणला आहे, हे मला कळतं. पण वॉकरनं मूल लवकर चालत नाही. त्यात ते पायाच्या बोटांवर जोर देतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पोटऱ्या बऱ्याचदा मुळातच ताठ असतात. पायऱ्यांवरून, चुलीजवळ होणारे अपघात वेगळेच. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. त्याऐवजी सासूबाईंना दुसरं काम द्या. रोज दिवसातून चार-पाच वेळा बाळाला जागं असताना गोधडीवर पालथं घालायचं आणि समोर बसून त्याच्याशी गप्पा मारायच्या, गाणी म्हणायची. थकला की उचलायचं. झोळीत दिवसभर ठेवायचं नाही, कारण झोळीत पाठ आणि मान काही शिकत नाहीत. मालिश हलक्या हातानं करावी, हात-पाय जोरानं ताणून 'मोकळे' करू नयेत. डावा हात तर कोणीही ओढू नये.

राहिलं घरातलं बोलणं. तुम्ही पतपेढीत काम केलंत म्हणून बाळ लवकर आलं नाही. गरोदरपणात असं बीपी वाढण्याचं मूळ बहुधा वार नीट न रुजण्यात असतं, आणि ती रुजते पहिल्या काही महिन्यांत, कोणालाही काही कळायच्या आत. खुर्चीवर बसून हिशोब लिहिण्याशी त्याचा संबंध नाही. उलट बीपीवर वेळेत लक्ष गेलं आणि डॉक्टरांनी बाळ काढायचा निर्णय घेतला म्हणून आज तुम्ही दोघं आहात. हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलंत तरी चालेल. पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ही हकीकत सांगा. सोळा आठवड्यांच्या आत कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केली तर पुन्हा असं होण्याचा धोका कमी होतो. ते डॉक्टरच ठरवतील.

डीईआयसीत जाताना बाळाला दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट, डोळ्यांच्या तपासणीचे कागद, लसीकरणाचं कार्ड आणि तो व्हिडिओ एवढं न्या. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: जन्म ६ मार्च, ड्यू डेट ८ मे, ३१ आठवडे. म्हणजे पुढे कोणीही फॉर्म उचलायच्या आधी ते दिसेल. बाळाच्या बाबांनाही सोबत न्या. व्यायाम दोघांनी शिकून घेतलेले बरे, तुम्ही कामावर गेलात तरी खंड पडणार नाही. तिथे तारीख फार पुढची मिळाली, तर 'डावा हात वापरत नाही' एवढं एकच वाक्य खिडकीवर सांगा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना बघू देण्याचा आग्रह धरा. ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा.